असंगत आचरण

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी मोटरहोम न्यू जर्सीतल्या घरापुढे लावलं. व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर, मेन असा साडेसहा आठवड्यांचा फेरा झाला होता. पानगळीचे रंग डोळे भरून पाहिले हे खरं, पण शेवटचे चार दिवस मला फक्त घरचं न्हाणीघर आणि न हलणारा पलंग दिसत होता. त्यात दिवाळी तोंडावर.

वाटेत चुका झाल्या नव्हत्या असं नाही. अकेडिया नॅशनल पार्कमध्ये कॅडिलॅक डोंगरावरून सूर्योदय पाहायचा म्हणून मी हौसेनं आरक्षण केलं. त्या रस्त्यावर २१ फुटांहून लांब वाहनांना बंदी आणि आमचं धूड २५ फुटांचं. नियम न वाचणारी मीच. पण ती चूक निदान चारचौघांत हसत सांगता येते.

ही दुसरी नाही. शेवटच्या कॅम्पग्राउंडवर आधी संडासची टाकी रिकामी केली, मग सांडपाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्यानं नळी धुऊन निघते. पिण्याच्या पाण्याची टाकीही सोडली. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "नळ्यांत पाणी राहतं गं. ते गुलाबी औषध भरायचं असतं ना?" मी म्हटलं, "टाकी रिकामी, तर नळ्यांत कुठून येणार? दिवाळीनंतर बघू." आणि चकलीच्या भाजणीला लागले.

काम तसं तासा-दोन तासांचं. गीझरचं बूच काढून तो रिकामा करायचा, बायपासचा खटका फिरवायचा आणि न गोठणारं गुलाबी द्रव पंपानं आत ओढायचं. गरम-गार प्रत्येक नळाला, शॉवरला, फ्लशला गुलाबी धार आली की झालं. दिवाळीनंतर थँक्सगिव्हिंग आलं, मग पाहुणे आले. जानेवारीत पारा उणे १२ ला गेला तेव्हा मी खिडकीतून बर्फाखालच्या मोटरहोमचा फोटो काढून सांगलीला पाठवला. छान आला होता.

मार्चमध्ये पाणी भरून पंप सुरू केला, तर तो थांबेचना. दाब धरला गेला की बंद पडतो, पण इथे दाब धरणार कशात? सिंकखालून ओघळ आला, मग पलंगाखालून. प्लॅस्टिकच्या नळ्या लवचीक, त्या वाचल्या होत्या, पण त्यांचे जोड सहा ठिकाणी फुटले होते. फ्लशचा व्हॉल्व्ह दुभंगलेला, गीझरची टाकी शिवणीवर उकललेली.

आता लाजेची गोष्ट. लग्नानंतर इकडे येण्याआधी सांगलीच्या शाळेत मी दहावीला विज्ञान शिकवत असे. पाण्याचे असंगत आचरण हा माझा हातखंडा धडा. होपचं उपकरण फळ्यावर न बघता काढायची. चार अंशांच्या खाली पाणी आकसण्याऐवजी प्रसरण पावतं, बर्फ होताना तर सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. 'थंड प्रदेशात हिवाळ्यात पाण्याचे पाइप फुटतात, कारण द्या', दोन गुण. 'कारण पाणी गोठते' एवढंच लिहून थांबणाऱ्या मुलींचा एक गुण मी न चुकता कापत असे.

दुरुस्तीवाल्यानं भिजलेली जमीन पायानं दाबून पाहिली आणि विचारलं, नेमकं काय झालं? मी त्याला दोन गुणांचं उत्तर दिलं, आकारमानासकट. नवरा गुडघ्यांवर बसून सिंकखालचं प्लायवूड उपसत होता. त्यानं मान वर केली नाही.