पाठीवरचे चौदा किलो

पन्नाशी ओलांडल्यावर माणसाने नवी हौस लावून घेऊ नये, असे जाणते लोक सांगतात. पण घरात तेरा वर्षांची कन्या असली की हौस आपल्याला लावून घ्यावी लागत नाही. ती आपोआप मानगुटीवर बसते. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीआधी आमच्या लेकीने फर्मान काढले, "बाबा, या सुटीत आपण तंबूत राहायचं आणि डोंगरात पायी जायचं. वर्गातल्या सगळ्यांचं झालंय. मीच राहिलेय."

"हे? आणि डोंगरात?" स्वयंपाकघरातून आवाज आला. "स्टेशनचा पूल चढताना दोनदा थांबतात ते!"

आता माघार घेणे शक्यच नव्हते. शाळेत मी बालवीर होतो. निळा स्कार्फ आणि शिट्टी याखेरीज त्यातले काही आठवत नव्हते ही गोष्ट निराळी; पण "सदैव सिद्ध" हे ब्रीद आठवत होते. बेडन-पॉवेलसाहेबांनी १९०७ साली इंग्लंडातल्या ब्राउन्सी बेटावर वीसेक मुलांना घेऊन पहिली छावणी टाकली, आणि पुढच्याच वर्षी होल्डिंग नावाच्या गृहस्थांनी छावणीवाल्यांसाठी एक जाडजूड पुस्तक काढले, एवढी माहिती मी लेकीला ऐकवली. हे होल्डिंग धंद्याने शिंपी. हलके कापड आणून त्यांनी स्वतःचे तंबू बेतले आणि शिवले. आम्हांला शिवता येत नसल्यामुळे आम्ही विकत घेण्याचा मार्ग पत्करला.

दोन शनिवार आम्ही डोंबिवली ते दादर दुकाने पालथी घातली. तंबू, झोपायच्या पिशव्या, हवेची उशी, घडीची खुर्ची, छोटी शेगडी, तीन विजेऱ्या, दोन चाकू, मच्छरांचे मलम, माझ्यासाठी कडक तळव्यांचे नवे बूट. पाठीवरची पिशवी भरली तेव्हा ती उचलताना माझ्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून शेजारच्या काकू दारात येऊन गेल्या.

राहता राहिला प्रश्न, जायचे कुठे? जवळपासच्या गडांवर सुटीत म्हणे मंडईसारखी गर्दी. तेव्हा सौ.ने सहज विचारल्यासारखे विचारले, "देवगावला का नाही?"

मी वर्तमानपत्र वर केले.

देवगाव रंगारी हे आमचे गाव. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यात, शिर्डीहून वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते लागते. रंगाऱ्यांचे नाव गावाने अजून सोडलेले नाही. उत्तरेकडे सातमाळ्याच्या डोंगररांगा, त्यांत गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आणि पितळखोऱ्याची लेणी. तिथल्या वाड्यात माझा थोरला भाऊ राहतो आणि शेती पाहतो. अण्णा गेल्यावर सहा वर्षांपूर्वी वाटणी झाली. विहिरीकडचा तुकडा दादाकडे गेला, हे माझ्या मनात कुठेतरी सलत होते. भांडण झाले नाही. झाले असते तर मिटले तरी असते. नुसतेच जाणे-येणे कमी होत गेले, आणि मग दिवाळीच्या फोनवर "बरे आहे ना?" एवढेच उरले.

लेकीने माझी परवानगी न घेता काकाला फोन केला. उत्तर आले, "या. सामान आणू नका."

आम्ही अर्थातच सगळे आणले. मनमाडवरून लासूर स्टेशनला उतरलो आणि तिथून एस.टी.ने देवगाव गाठले. वाड्याच्या ओसरीवर दादा कापूस मोजायचा काटा टांगून उभाच होता. राम राम झाला, चहा झाला आणि त्याने एक शब्द न बोलता माझी पिशवी काट्याला अडकवली.

"चौदा किलो," तो म्हणाला. "गाढवाला सुद्धा आधी विचारतात."

मग ओसरीवर माझ्या पिशवीचे उत्तरकार्य सुरू झाले. खुर्ची गेली. उशी गेली. शेगडीही गेली, अभयारण्यात विस्तव पेटवायचाच नाही, मग ती कशाला? तीन विजेऱ्यांतली एक राहिली, पण तिचे जादा सेल राहिले. माझी अत्तराची कुपी दादाने दोन बोटांत धरली. "लेण्यांच्या कड्याला आग्या मोहळं असतात. उग्र वास, धूर आणि आरडाओरडा त्यांना खपत नाही. तिथे मधमाशी उठली, तर पळायला जागा नाही." कुपी कोनाड्यात गेली. पिशवीत आले ते वेगळेच: माणशी तीन लिटर पाणी, भाकरी-चटणी, गूळ-शेंगदाणे, मीठ-साखरेची पुडी, पट्टी, शिट्टी, टोपी आणि अंगभर बाह्यांचा सदरा. पुन्हा काटा लावला, सहा किलो.

"आणि तंबू?" लेक हिरमुसली.

"तंबू आपल्या शेतात. तिकडे जंगलात परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, आणि पहिल्यांदा तंबू ठोकायचा तो अंगणात. चुकलं तर घर दिसतं."

हा उपदेश मी वाचकांना व्याजासकट देतो. त्या रात्री मक्याच्या शेताकडेला खळ्यावर आम्ही तंबू उभारला. पाऊण तास लागला आणि एक काठी उरली. रात्री थंडी म्हणून मी सगळ्या खिडक्या घट्ट लावल्या. पहाटे जागा झालो तो अंगावर पाण्याचे थेंब! "तंबू गळका निघाला," मी ओरडलो. बाहेर घोंगडीवर झोपलेला दादा उठून बसला. "पाऊस कुठे आहे? तुमचाच श्वास आहे तो. वाफेला बाहेर जायला वाट ठेवायची." खिडकी थोडी उघडी ठेवायची, एवढेच. पण हे मला दुकानात कोणी सांगितले नव्हते.

नव्या बुटांनी शेताला दोन फेऱ्या मारताच टाचेला फोड आला, म्हणून मोहिमेवर माझे जुने बूटच गेले. जुने बूटही झटकून घालायचे; विंचवाला ऊब आवडते. अंधारात पायाखाली उजेड धरूनच चालायचे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे ही मंडळी आपल्या आधीपासूनची रहिवासी आहेत. चावलेच, तर जखम न कापता, न चोखता, अवयव न हलवता थेट रुग्णालय.

निघण्याआधी दादाने वहीतला कागद फाडला. वर लिहिले, कोण कोण, कुठे, कोणत्या वाटेने. खाली: दोन वाजता तोंड फिरवायचे, सहापर्यंत पोहोचलो नाही तर पुतण्याला पाठवायचे. आम्हां तिघांच्या सह्या घेतल्या आणि कागद वहिनींच्या हाती दिला. "दरीत फोनचा भरवसा नाही," तो म्हणाला. "अण्णा शाळेची पोरं वेरूळला न्यायचे, तेव्हाही असाच कागद ठेवून जायचे."

मला हे ठाऊक नव्हते. मी धाकटा, माझी वेळ येईपर्यंत अण्णांची बदली झाली होती.

पितळखोऱ्याच्या माथ्यापर्यंत गाडीरस्ता आहे. आम्ही मुद्दाम अलीकडच्या एका खेड्यात जीपमधून उतरलो आणि पठारावरून चालू लागलो. पिवळे पडू लागलेले गवत, मधूनच सागाची झाडे, आणि मग एकाएकी जमीन संपते. समोर खोल घळ. पायऱ्या उतरून गेले की ओढ्याच्या दोन्ही अंगांना कातळात लेणी. एकंदर चौदा, त्यांतली सर्वांत जुनी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाइतकी मागे जातात. विहाराच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे, दाराशी द्वारपाल उभे आहेत. इथे सापडलेली एक हसऱ्या यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ती कान्हदास नावाच्या सोनाराने घडवली, हे तिच्या हातावरच कोरलेले आहे. पैठणच्या कोणा मितदेव नावाच्या गंधिकाने, म्हणजे अत्तरे विकणाऱ्याने, इथे खांबाचे दान दिल्याचाही लेख आहे.

"बघ," मी दादाला म्हणालो, "अत्तरवाला चालला की त्यांना!"

दादा हसला. सहा वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघे एका गोष्टीवर एकदम हसलो.

भाकरी खाऊन झाल्यावर मला ओढ्याच्या खालच्या अंगाचा डोह दिसला. झाडीतून उतरत गेले की अर्ध्या तासाची वाट. लेक तयारच होती. मी उठलो, तोच दादाने मनगट पुढे केले. दोन वाजले होते.

"अर्ध्या तासाने काय बिघडतं?"

"अर्धा तास जायला, तासभर चढायला. पाणी किती उरलंय?"

मी बाटली पाहिली नाही. मनात साचलेले तोंडावर आले. "नेहमी तुझंच खरं व्हायला हवं. वाटणीतही तेच!"

घळीत माझा आवाज मोठा वाटला. लेक दोघांकडे पाहत राहिली. दादा कड्यावरच्या मोहळाकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "दोन वाजता फिरायचं, हे माझं एकट्याचं नाही. कागदावर तुझी सही आहे." थोडे थांबून म्हणाला, "वाटणीच्या कागदावरही होती. वाचला होतास का? विहीर दोघांची लिहिली आहे. तुझ्या पाळीचं पाणी मी अजून कुणाला दिलेलं नाही."

मी तो कागद वाचला नव्हता. अण्णांचे तेरावे झाल्यावर, गाडी चुकू नये म्हणून उभ्याउभ्या सही केली होती. आपण फसलो असे सहा वर्षे मानत बसायला एवढे पुरले होते.

आम्ही वळलो. त्या पायऱ्यांवर माझे गुडघे थरथरू लागले, तेव्हा कळले की डोहापर्यंत गेलो असतो तर मला वर आणणे दोघांना जड गेले असते. माथ्यावर पोहोचेपर्यंत माझ्या बाटल्या रित्या झाल्या. दादाच्या पिशवीत एक भरलेली होती. त्याने ती आधी लेकीला दिली, मग मला, आणि उरलेले दोन घोट आपण घेतले. साडेपाचला वाड्यात पोहोचलो. वहिनींनी कागदावर पाहिले, घड्याळावर पाहिले, आणि चहाचे आधण ठेवले.

रात्री सौ.ला फोन केला. लेकीने तंबू, मोहळे, हत्ती, विंचू सगळे एका दमात सांगितले. मी फक्त एवढेच सांगितले, की डोह पाहायचा राहिला आणि तो पाहायला पुन्हा यावे लागेल.

परत येताना तंबू देवगावच्या माळ्यावरच ठेवून आलो. यंदाच्या सुटीची पिशवी भरून तयार आहे. घरच्या काट्यावर ठेवली आणि दादाला फोन केला, "सात किलो."

"एक किलो जास्त आहे. काय भरलंस?"

मी सांगितले नाही. गेल्या वर्षी तो सबंध वाट चपलांवर चालला होता. लेकीने निघताना गुपचूप दोरीने त्याच्या पावलाचे माप घेतले होते. नव्या बुटांचा जोड मोजून एक किलो भरला. पण यंदा ते आधी शेताला दोन फेऱ्या मारतील, आणि मगच पितळखोऱ्याला जातील.