तानसाचे पाणी, मेंदूचे रक्त

शहापूरहून किन्हवली-सरळगावमार्गे मुरबाडला जाताना माहुलीचे सुळके बराच वेळ पाठ सोडत नाहीत. याच शहापूर तालुक्यातील तानसा धरणाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. जवळच्या पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. जलाशय भरला म्हणजे प्रत्येक घागर भरते असे नाही. मेंदूचेही तसेच आहे.

मुरबाडकडील विस्मरण जडलेल्या एका आजींच्या मुलाने विचारले, “आईच्या मेंदूला रक्त पुरते का, हे सुई न टोचता कळेल?” कळते. एमआरआयच्या ‘आर्टेरियल स्पिन लेबलिंग’ तंत्रात मानेतून वर जाणाऱ्या रक्तातील पाण्यावर चुंबकीय खूण करतात व ती मेंदूच्या कोणत्या भागात किती पोहोचली, हे दीड-दोन सेकंदांनी टिपतात. खूण आपोआप पुसली जाते. रंगद्रव्य टोचावे लागत नाही, म्हणून मूत्रपिंडे दुबळी असलेल्यांना ते सोयीचे. डोके पाच-एक मिनिटे स्थिर ठेवणे, हेच काय ते कठीण! पेसमेकर असल्यास आधी सांगावे. एवढ्यावरून विस्मरणाचे निदान मात्र होत नाही, आणि ही सोय सर्वत्र नसते.

तोंड अचानक वाकडे झाले, हात लुळा पडला, तर थेट १०८. गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. माळशेजच्या पायथ्याच्या गावांनी त्यातून रस्त्याचा वेळ आधीच वजा करावा.