मार्से, व्हाया होई आन

त्या हातांवरचं शेवाळ रंगवलेलं आहे, असं गाईडने सहज सांगून टाकलं आणि झेंडा उंच धरून तो पुढे चालू लागला. मी मात्र तिथेच अडकले.

व्हिएतनाममधल्या दा नांगजवळच्या बा ना डोंगरावरचा हा सोनेरी पूल तुम्ही कुणाच्या ना कुणाच्या स्टेटसवर पाहिला असणारच. डोंगरातून दोन अजस्र दगडी हात बाहेर आलेत आणि त्यांनी एक सोनेरी पट्टी हलकेच तोलून धरलीय. पूल खुला झाला जून २०१८ मध्ये. लांबी दीडशे मीटरच्या आसपास. हातांत दगड औषधालाही नाही. आत लोखंडी जाळी, वर फायबर ग्लास, आणि त्यावर तडे, ओघळ, काळपट डाग, शेवाळ. जुनं दिसावं म्हणून मुद्दाम केलेलं. वास्तविक या डोंगरावर एवढा पाऊस आणि एवढं धुकं आहे की चार वर्षं थांबले असते तर शेवाळ फुकटात आलं असतं. पण थांबायचं कुणी? तिकिटं तर पहिल्या दिवसापासून विकायची होती.

आमच्या बसमध्ये सांगलीचं एक जोडपं होतं. काकूंनी फोटो मोबाईलवर मोठा करून मनगटाजवळचा हिरवा डाग नीट न्याहाळला.

"अहो, आपल्याकडे गणपतीच्या डेकोरेशनला असलंच करतात की."

"करतात. पण हे पावसात टिकतं," काका म्हणाले. काका रंगांच्या धंद्यातले. त्यांचा आदर ताबडतोब वाढला होता, पुलाबद्दल आणि रंगाऱ्याबद्दलही.

दिवसभराची सहल म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळी हॉटेलं फिरत माणसं गोळा करायची, कुणीतरी हमखास उशिरा येणार, त्याच्यावर सगळ्यांनी मनातल्या मनात चिडायचं, आणि दुपारी बुफेत तोच माणूस पहिल्या रांगेत दिसायचा. आमचा गाईड व्हिएतनामी, इंग्रजी व्यवस्थित, पण गर्दीत शिरला की "चलो चलो, जल्दी जल्दी!" हे त्याला आपल्याच लोकांनी शिकवलेलं. आणखी काय काय शिकवलंय, ते त्याने सांगितलं नाही.

वर जायला केबल कार. इथे मला पहिल्यांदा हसू फुटलं. खालचं स्टेशन होई आन, वरचं स्टेशन मार्से. दा नांगच्या दक्षिणेला होई आन नावाचं खरं जुनं बंदर आहे, पिवळ्या भिंतींचं, कंदिलांचं. त्याचं नाव लावून एका फलाटावर बसायचं आणि हवेतून थेट फ्रान्सच्या किनाऱ्याला उतरायचं. पुढच्या टप्प्याला बोर्दो ते लूव्र. आमची आगगाडी पिंपरीहून निघून वीस मिनिटांत लंडनला पोहोचावी, तसा हा मामला. २०१३ मध्ये सुरू झालेल्या इथल्या एका मार्गाची लांबी ५,८०१ मीटर आहे आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. काकूंना उंचीची भीती. त्यांनी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. रामरक्षा झाली, भीमरूपी झाली, तरी मार्से येईना.

मी मात्र खाली बघत होते. खाली रान. सलग, दाट, ओलं, मधेच एखादा पांढरा ओढा उडी मारताना दिसे. सबंध दिवसात मला सर्वांत आवडलं ते हे, आणि त्यावर एकही पाटी नव्हती.

वरचं फ्रेंच खेडं फरसबंद रस्त्यांचं, टोकदार छपरांचं. चौकात कारंजं, पलीकडे चर्च. चौकात नाचणारे कलाकार, बिअरचे लाकडी पिंप, एका इमारतीच्या पोटात मुलांसाठी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्यांवर बेतलेली खेळांची दुनिया. अशा ठिकाणांना नाक मुरडणं फार सोपं असतं. मला ते जमलं नाही. धुक्याचा एक मोठा लोट आला, चर्चचा मनोरा अर्धा पुसला गेला, आणि पाच मिनिटं सगळं खरंच वाटलं. धुकं खोट्याला फार सांभाळून घेतं. मग ऊन पडलं आणि गॉथिक कमानीखाली कचरापेटी दिसली, गोंडस बेडकाच्या आकाराची.

गंमत अशी की इथे एकेकाळी खरंच फ्रेंच लोक राहत. दा नांगला तेव्हा ते तूरान म्हणत. १९१९ मध्ये त्यांनी या डोंगरावर उन्हाळी वसाहत सुरू केली. बंगले बांधले, बागा केल्या, दारू ठेवायला डोंगराच्या पोटात तळघर खणलं. मग युद्धं झाली, साहेब गेले, बंगले पडले आणि रानाने सगळं परत घेतलं. आजचं खेडं या शतकातलं. त्या जुन्या वस्तीतलं पाहण्यासारखं उरलेलं म्हणजे ते तळघर, १९२३ चं. आत शिरल्यावर अंगावर गार हवा येते आणि भिंतीला ओल असते. मी हात लावून पाहिला. बोटाला हिरवं लागलं.

आता वाटेल की मी म्हणणार, हे खरं आणि ते खोटं. तसं नाही. मला उलट वाटायला लागलं की ते पहिलं, १९१९ चं गावसुद्धा नाटकाचा सेटच होता. उष्ण देशात येऊन पडलेल्या माणसांनी डोंगरमाथ्यावर जाऊन आपलं घर खेळायचं, शेकोटी पेटवायची, लोकर घालायची, आपण बोर्दोत आहोत अशी कल्पना करायची. आजचं खेडं चालवणाऱ्या सन ग्रुपने फक्त तिकीट लावलं आणि आम्हाला आत सोडलं.

आणि हे मला कुणी सांगायला नको, कारण मी महाबळेश्वरच्या पायथ्याची. माझी आत्या वाईला. मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं तिच्याकडे, आणि एकदा तिने आम्हाला एस.टी.च्या 'महाबळेश्वर दर्शन' गाडीत बसवलं. पण मे नव्हता तो, जून लागला होता, आणि वर पोहोचलो तेव्हा धुकं एवढं की ड्रायव्हरला समोरचा रस्ता दिसेना. कंडक्टर बाणेदार माणूस. गाडी भाड्याने निघाली आहे म्हणजे पॉइंट दाखवायचेच, हा त्याचा धर्म. प्रत्येक ठिकाणी तो दार उघडून सगळ्यांना खाली उतरवी, लोखंडी कठड्याशी ओळीने उभं करी आणि पांढऱ्या भिंतीकडे हात करून सांगे, "हा आर्थर सीट. खाली सावित्रीचं खोरं. पलीकडे ते कोकण." आम्ही सगळे पांढऱ्याकडे भक्तिभावाने बघत राहायचो. एका आजोबांनी तर "केवढं खोल आहे!" असं म्हणून नातवाचा हात घट्ट धरला. मग लॉडविक. मग एल्फिन्स्टन. मग बॅबिंग्टन, ज्याला तो 'बाबिंगटन' म्हणे, आणि ते नाव मला अजून तसंच बरं वाटतं. सगळे पॉइंट साहेबांच्या नावांचे आणि सगळे पांढरे. शेवटी आत्याने दिलेली थालीपीठं बसमध्येच खाल्ली, खिडक्यांवर वाफ धरली, भावाने त्यावर बोटाने डोंगर काढला आणि म्हणाला, हा बघ आर्थर सीट. आयुष्यात मी केलेली ती सर्वांत चांगली सहल. पुढे निरभ्र दिवशी आर्थर सीट पाहिलं, तेव्हा जरा हिरमोडच झाला.

मुंबईच्या गव्हर्नर माल्कम साहेबाने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून १८२९ मध्ये ही जागा मिळवली आणि माल्कम पेठ वसवली. तिच्यासाठी घाम कुणी गाळला, त्यातली एक गोष्ट त्या कंडक्टरने सांगितली नव्हती. इंग्रजांनी मलाक्का-सिंगापूरकडच्या आपल्या वसाहतींतून चिनी आणि मलय कैदी महाबळेश्वरला आणून ठेवले होते. रस्त्याची कामं त्यांनी केली, साहेबांच्या टेबलासाठी भाजीपाला त्यांनी पिकवला. तिथल्या एका धबधब्याला आजही 'चायनामन्स फॉल' म्हणतात. दा नांगच्या समुद्रापासून फार लांब नसलेल्या बंदरांतली माणसं बेड्या घालून सह्याद्रीवर बटाटे लावत होती, आणि आज सांगली-साताऱ्याची माणसं विमानाने उलट दिशेला जाऊन एका डोंगरावर बुफेत बटाट्याचीच भाजी खात होती. होय, तिथे भारतीय जेवणाचं वेगळं काउंटर असतं. भाजी बरी होती. भात फार चांगला होता.

जेवताना गाईडने एक जुना फोटो दाखवला, फोनवर. चार माणसं खांद्यावर खुर्ची घेऊन चढण चढतायत आणि खुर्चीत टोपीवाली एक बाई. रस्ता जिथे संपे तिथून पुढे फ्रेंचांना असं वर नेत.

काकूंनी विचारलं, "आणि ही उचलणारी माणसं रात्री कुठे राहायची?"

गाईडला प्रश्न मी इंग्रजीत करून सांगितला. तो जरा थांबला. म्हणाला, हे आजवर कुणी विचारलं नाही. मग घड्याळात पाहून "चलो चलो."

आपण तरी कुठे विचारतो? माथेरानला माणसाने ओढायच्या रिक्षा मी लहानपणापासून पाहिल्या. आत बसलेली मंडळी बहुधा पॉपकॉर्न खात असत. त्या सहा महिन्यांत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते २०२५ च्या ऑगस्टमध्ये. वसाहतवाले जाऊन पाऊणशेच्या वर वर्षं झाली होती.

परतीच्या बसमध्ये सगळे पेंगत होते. मी फोनवर वाचत बसले. फ्रेंचांना या डोंगरांचं एवढं खूळ का, तर ताप. हिवताप, आमांश, कॉलरा. खालच्या दमट मुलखात साहेब पटापट मरत. म्हणून १८९७ मध्ये नव्याने आलेल्या गव्हर्नर जनरल पॉल दुमेरने एका डॉक्टरला विचारलं, आरोग्यधामाला योग्य अशी उंच जागा सुचवा. डॉक्टरने लांग बियांग पठाराचं नाव दिलं. तो १८९३ च्या जूनमध्ये स्वतः पायी फिरत तिथे पोहोचला होता. तेच आजचं दा लात, व्हिएतनामच्या सगळ्या थंड हवेच्या ठिकाणांचं थोरलं भावंड. डॉक्टरचं नाव अलेक्झांडर यर्सिन. हाच तो, ज्याने १८९४ मध्ये हाँगकाँगला एका गवताच्या झोपडीत सूक्ष्मदर्शक लावून प्लेगचा जंतू शोधला. जंतूला आज त्याचंच नाव आहे.

आणि १८९७. मराठी माणसाला हे साल पुन्हा सांगावं लागत नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये यर्सिन मुंबईत होता. न्हा त्रांगच्या आपल्या प्रयोगशाळेत घोड्यांच्या रक्तापासून बनवलेलं सीरम घेऊन तो आला होता. मांडवीत आदल्या सप्टेंबरात सुरू झालेला प्लेग तोवर शहरभर पसरला होता आणि माणसं गावाकडे पळत होती. जंतुशास्त्रज्ञ हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस बनवत होता आणि जानेवारीत त्याने ती स्वतःला टोचून घेतली होती. १० मार्चला पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या, मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं आणि त्यातच त्यांना लागण झाली असं सांगतात. २२ जूनला गणेशखिंडीत प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. यर्सिनच्या सीरमला मुंबईत फारसं यश आलं नाही. तो परत गेला आणि त्याच्या जागी सिमों नावाचा दुसरा फ्रेंच डॉक्टर आला. पुढच्या वर्षी त्यानेच कराचीत दाखवून दिलं की प्लेग उंदरावरच्या पिसवेमार्फत पसरतो.

साहेबांना डोंगर दाखवणारा हा माणूस स्वतः मात्र खालीच राहिला. न्हा त्रांगला, समुद्रकाठी, कोळ्यांच्या वस्तीत. वादळ येणार असलं की तो कोळ्यांना आधी सांगे, आणि त्याचं पक्कं घर त्यांचा आसरा होई. रबराची झाडं लावली, सिंकोना लावला, दुर्बिणी जमवल्या. १९४३ मध्ये तिथेच वारला. फ्रेंचांची बहुतेक नावं व्हिएतनामने रस्त्यांवरून पुसली, पण यर्सिनचं ठेवलं. हनोईत आहे, सायगावात आहे.

प्लेगच्या त्या वर्षावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलंय. रँड आहे, चापेकर आहेत, टिळकांचे अग्रलेख आहेत, हाफकिनच्या नावाची तर संस्थाच परळला आहे. यर्सिन आला तर एखाद्या ओळीत, तोही घाईने. हा माणूस आईला सतत पत्रं लिहायचा आणि ती पत्रं जपून ठेवलेली आहेत. मुंबईच्या मुक्कामातली असतील ती कुणीतरी मराठीत आणायला हवीत. मार्चचा उकाडा, रिकाम्या चाळी, त्याने काय खाल्लं, कुणाशी भांडला, सगळं. पुण्यात फ्रेंच शिकणाऱ्या मुलांना तोटा नाही. सगळ्यांनीच काय विमा कंपन्यांची कागदपत्रं भाषांतरित करायची?