फीड पंप

आमची टाटा 1613 रिकामी असताना कधीच दमली नाही. सांगलीच्या मार्केट यार्डातून हळदीची पोती घेऊन निघाली, तरी पेठ नाका, कराडपर्यंत तिची काही तक्रार नसायची. कुरकुर सुरू व्हायची ती पुण्याहून लोखंडी सळ्या भरून परत येताना, खंबाटकीच्या चढाला. पेडल तळाला टेकवलं तरी इंजिन हळूहळू बसत जायचं. गिअर खाली आणत आणत पहिल्यावर यायचं आणि मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत वर पोचायचं. गाडीवरचे चालक आमच्याच गावचे, वयानं मोठे. त्यांना सगळेच मामा म्हणतात. ते म्हणाले, "भाऊ, गाडी उपाशी चढतीय. धूर बी सोडत न्हाय आन् वढत बी न्हाय."

धूर सोडत नाही, हे मामांनी बरोबर हेरलं होतं. एअर फिल्टर चोंदला किंवा टर्बोचा होज फाटला, तर हवा कमी पडून डिझेल अर्धवट जळतं आणि मागं काळा लोट उठतो. डिझेलच कमी पोचत असेल तर जळायलाच काही नसतं. ताकद जाते आणि सायलेन्सर स्वच्छ राहतो. डिझेलचे दोन्ही फिल्टर बदलून झाले होते. तरी गाडी उपाशीच.

साताऱ्यात हायवेलगत एका ठिकाणी दाखवली. गाडी पाच मिनिटं रेस करून तिथल्या माणसानं निकाल दिला: मोठा पंप उतरवा, बेंचवर चढवा, एलिमेंट आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह सहाच्या सहा बदला. सांगितलेला आकडा गाडीच्या महिन्याच्या हप्त्यापेक्षा मोठा होता. विचार करून सांगतो म्हणालो आणि गाडी सांगलीला आणली.

697 इंजिनाच्या या जुन्या गाड्यांवर डिझेलचे दोन पंप असतात. मोठा तो इंजेक्शन पंप. सहा सिलिंडरना सहा एलिमेंट, 1-5-3-6-2-4 या क्रमानं नोझलकडे डिझेल पाठवणारा, दाब शेकड्यांत. त्याच्या कुशीला तीन नटांवर बसवलेला मुठीएवढा दुसरा, तो फीड पंप. टाकीतून डिझेल ओढायचं, फिल्टरमधून ढकलायचं आणि मोठ्या पंपाची गॅलरी सतत भरलेली ठेवायची, एवढंच त्याचं काम. दाब जेमतेम दीड-दोन बार. मोठा पंप कितीही चांगला असला, तरी त्याच्या तोंडाशी डिझेल आलंच नाही तर तो देणार कुठून? रिकाम्या गाडीला थोडं डिझेल लागतं, ते अशक्त फीड पंपही पुरवतो. पूर्ण लोडला चढावर मागणी वाढली की त्याचं पितळ उघडं पडतं.

सांगलीत शंभर फुटी रोडला आमचे नेहमीचे मिस्त्री आहेत. त्यांनी मोठ्या पंपाला हातच लावला नाही. टाकीकडून येणारा पाइप सोडला, पारदर्शक प्लॅस्टिकची नळी फीड पंपाच्या तोंडाला जोडली आणि तिचं दुसरं टोक स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये सोडलं. गाडी रेसवर ठेवली. नळीत एकही बुडबुडा नाही. मग टाकीची लाइन परत जोडून मध्ये तीच नळी घातली, तर बारीक बुडबुड्यांची माळ दिसू लागली. म्हणजे टाकी ते पंप या टप्प्यात कुठं तरी हवा धरत होती. आमच्याकडं कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. नदीवरच्या मोटारीचा सक्शन पाइप चिरला तर बाहेर थेंबही गळत नाही, पण मोटार पाणी ओढेनाशी होते. तसंच हे. पंपाच्या पुढची बाजू गळली तर डिझेल डोळ्यांना दिसतं, मागची बाजू नुसती हवा आत घेते. चेसिसला घासून चिरलेला रबरी होज सापडला, तो बदलला. मामा खूश झाले.

पुढच्या लोडला फरक पडला होता, पण थोडाच. खंबाटकी पूर्वीपेक्षा बरी चढली, इतकंच. मिस्त्रींनी आता फिल्टर आणि मोठा पंप यांच्या मध्ये गेज लावला. रेसवर दीड बार तरी दिसायला हवा होता. आमचा काटा एकच्या खालीच थरथरत राहिला. त्यांनी इंजिन ऑइलची पट्टी ओढून बोटावर ऑइल घेतलं, वास घेतला आणि माझ्या नाकाशी धरलं. डिझेलचा वास. ऑइलची पातळीही खुणेच्या वर गेली होती आणि मामांना तर वाटत होतं की गाडी ऑइल खात नाही म्हणजे तब्येत झकास.

फीड पंपाच्या पिस्टनला मागून एक बारीक दांडी ढकलते. ती ज्या भोकातून सरकते ते झिजलं, की डिझेल दांडीच्या कडेनं मोठ्या पंपाच्या कॅमबॉक्समध्ये उतरतं. ज्या पंपाला इंजिनचंच ऑइल जातं, तिथून ते थेट इंजिनच्या ऑइल चेंबरमध्ये. पातळ झालेल्या ऑइलवर लोड ओढत राहिलं तर बेअरिंग जातात. तेव्हा ताकदीचं दुखणं बाजूला राहिलं, आता इंजिन वाचवायचं होतं. पंप उतरवून मिस्त्रींनी दांडी आडवी हलवून दाखवली, ती खडखडत होती. किट टाकून भागणार नव्हतं. किटमध्ये व्हॉल्व्ह, स्प्रिंग, वॉशर येतात, झिजलेलं भोक येत नाही.

मग जुना पंप फडक्यात गुंडाळून स्पेअरच्या दुकानात गेलो. काउंटरवर आजही सगळे 'मायको' म्हणतात. 1951 साली सुरू झालेल्या बंगळूरच्या त्या कंपनीचं नाव 2008 मध्ये बॉश लिमिटेड झालं, पण आमच्या भागातल्या मिस्त्रींच्या तोंडी जुनंच राहिलं. दुकानदारानं तीन खोकी मांडली. एक कंपनीचं. दुसरं आफ्टरमार्केट, म्हणजे दुसऱ्या कारखान्यानं स्वतःच्या नावानं, स्वतःच्या खोक्यात विकलेलं. किंमत कंपनीच्या निम्म्याच्या आसपास. तिसरं सगळ्यांत स्वस्त, आणि त्याच्यावर कंपनीच्या नावाशी खेळणारं, एखादं अक्षर इकडचं तिकडं केलेलं नाव. या तिसऱ्याला माझ्या लेखी आफ्टरमार्केट म्हणणं हा दुसऱ्यावर अन्याय आहे. जो स्वतःचं नाव लपवतो त्याच्याकडं उद्या तक्रार कुणाच्या नावानं न्यायची? ते खोकं मी उघडूही दिलं नाही.

उरलेल्या दोहोंपैकी मी आफ्टरमार्केट घेतला, पण हातात घेऊन तपासून. जुन्या पंपावरच्या पट्टीवर नंबर कोरलेला असतो. आमच्या पंपावर त्यात 22 हा आकडा होता, तो पिस्टनचा व्यास, मिलिमीटरमध्ये. नवा त्याच मापाचा आणि त्याच नंबरला पर्यायी म्हणून छापलेला असायला हवा. दोन्ही पंप काचेवर शेजारी ठेवले: डिझेल आत यायचं आणि बाहेर जायचं तोंड त्याच बाजूला आहे का, बेंजो बोल्टचा आटा चौदा-दीडच आहे का, रोलर फ्लँजच्या बाहेर तेवढाच येतो का. रोलर अंगठ्यानं दाबून पाहिला. याचं कारण आहे. कॅम पिस्टनला फक्त मागं ढकलतो, डिझेल पुढं रेटण्याचं काम स्प्रिंग करते. गॅलरी भरली की स्प्रिंगला पुढं जागा मिळत नाही, पिस्टनची फेरी आपोआप आखूड होते आणि पंप थांबल्यासारखा होतो. म्हणजे दाब सगळा स्प्रिंगच्या जिवावर. हलक्या मालात नेमकी तीच मऊ निघते. शेवटी आत यायच्या तोंडावर बोट ठेवून हॅण्ड प्रायमर ओढला. बोट चिकटून बसलं आणि बसूनच राहिलं, म्हणजे आतले व्हॉल्व्ह धरतात. दुकानदार हसला, "साहेब, मिस्त्रीकी शिकला काय?" मी हसलो आणि पार्ट नंबर लिहून पक्कं बिल मागितलं. त्यावर मात्र त्याचं हसू थोडं कमी झालं.

एलिमेंट, डिलिव्हरी व्हॉल्व्ह किंवा नोझल घ्यायचं असतं तर मी कंपनीचाच माल घेतला असता. तिथं मायक्रॉनचा हिशोब असतो आणि कमी-जास्त झालं तर एखादा पिस्टन जळतो. फीड पंप त्या मानानं साधं यंत्र आहे. आणि साधं यंत्र नीट बनवणारे कारखाने आपल्याकडं कमी नाहीत. किर्लोस्करवाडी 1910 ची, साताऱ्यात कूपरचा कारखाना 1922 चा, तिथं पुढं डिझेल इंजिनं बनली. दीड बारचा पंप फक्त एकाच कंपनीला जमतो, हे या दोन जिल्ह्यांत राहून मला पटत नाही.

बसवायला तासभरही लागला नाही, पण त्यातला निम्मा वेळ धुण्यात गेला. मिस्त्रींनी आधी पंपाच्या भोवतीची सगळी जागा ब्रश आणि डिझेलनं धुतली. उघड्या पाइपांच्या तोंडात चिंधी कोंबायची नाही, तिचे धागे आत जातात, म्हणून प्लॅस्टिकची टोपणं लावली. जुनं गॅस्केट खरवडून नवं टाकलं, तेवढ्याच जाडीचं. गॅस्केट जाड झालं तर रोलर कॅमपासून लांब राहतो आणि नवा पंपही कमी देतो. पंप जागेवर धरला तर एका बाजूनं उभा राहिला, कारण कॅमचा उंचवटा नेमका समोर आला होता. हाताखालचा पोरगा नट ओढून बसवायला निघाला तसे मिस्त्री कडाडले, "ए, इंजिन फिरव की! फ्लँज मोडतूस काय?" पुलीवर पाना लावून इंजिन थोडं फिरवलं, पंप सपाट टेकला, मग तिन्ही नट आळीपाळीनं आवळले. बेंजोच्या दोन्ही अंगांना नवे कॉपर वॉशर. जुने वॉशर चेचून परत वापरणं हा आमच्याकडचा आवडता काटकसरीचा प्रकार, आणि निम्मी हवा तिथूनच येते.

मग हवा काढणं. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून प्रायमर मारत राहायचं, फेस संपून सलग धार आली की स्क्रू बंद. तसंच मोठ्या पंपाच्या स्क्रूला. तिसऱ्या-चौथ्या सेल्फला इंजिन धडधडलं. मिस्त्रींनी प्रायमरची मूठ खाली दाबून आट्यात पूर्ण आवळली आणि मामांना दाखवून सांगितलं की रस्त्यात प्रायमर मारलात तर मूठ परत आवळायची, उघडी राहिली तर तिथूनच हवा जाते. इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर त्याच दिवशी बदलले. डिझेल मिसळलेलं ऑइल ठेवून नवा पंप बसवण्यात काही अर्थ नव्हता. गेजवर काटा दीडच्या वर जाऊन थांबला.

हे सगळं जुन्या, साध्या गाड्यांचं. एप्रिल 2017 मध्ये देशभर बीएस-4 आलं, एप्रिल 2020 मध्ये बीएस-6, आणि ट्रकवरही कॉमन रेल नेहमीचं झालं. तिथं हजारावर बार दाब, सेन्सर, ईसीएम. रस्त्याकडेला पाना लावायची सोय राहिली नाही. आमच्या ओळखीतल्या एका तरुण गाडीवाल्यानं मला विचारलं होतं की कटकटच नको, विजेवर चालणारा फीड पंप का नाही बसवत? मी मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, बसवता येतो, पण चावी चालू राहिली तर इंजिन बंद पडलं तरी तो डिझेल ढकलतच राहतो. अपघातात पाइप तुटला तर रस्त्यावर. त्याला रिले हवा, फ्यूज हवा, इंजिन बंद होताच पुरवठा तोडणारी वायरिंग हवी, आणि त्याचा दाब जुन्या ओव्हरफ्लो व्हॉल्व्हशी जुळायला हवा. आपला हा साधा फीड पंप बिचारा कॅमवर चालतो, इंजिन थांबलं की थांबतो.

पुढच्या फेरीला पुण्याहून सळ्याच होत्या. खंबाटकी संपल्यावर मामांचा फोन आला. पहिला गिअर लागलाच नाही म्हणाले, आणि लगेच पारदर्शक नळी विकत घ्यायला पैसे मागितले. आता ती पान्यांच्या पेटीत कायमची असते, कॅनसकट. ऑइलची पट्टी मामा रोज सकाळी ओढून बघतात, आणि पातळी खुणेच्या वर दिसली तर मला उठवतात.