पहिले पुस्तक, पहिले उदाहरण

मराठीच्या पदव्युत्तर वर्गाला भाषाविज्ञानाचे पहिले पुस्तक म्हणून कोणते लावावे, या प्रश्नाचा निकाल सहसा उपलब्धता, पृष्ठसंख्या आणि किंमत यांवर लागतो. ही कारणे क्षुल्लक आहेत असे मी म्हणणार नाही; प्रतच मिळत नसेल तर ग्रंथाची थोरवी विद्यार्थ्याच्या काय कामाची? परंतु बहुतेकांच्या बाबतीत हे पहिले पुस्तकच शेवटचे ठरते. त्यांतले अनेक जण पुढे मराठीचे शिक्षक होतात आणि वर्गात ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला काय सांगायचे, हे त्यांना तेवढ्या शिदोरीवर ठरवावे लागते. म्हणून नवे पुस्तक हाती आले की मी सिद्धान्ताची प्रकरणे मागाहून वाचतो. आधी उदाहरणे पाहतो.

इंग्रजी प्रवेशग्रंथांत स्वनिमाचे एक उदाहरण जवळजवळ वंशपरंपरेने चालत आले आहे. ‘पिन’मधला प महाप्राण आणि ‘स्पिन’मधला अल्पप्राण, हा भेद इंग्रजीत अर्थभेदक नाही, सबब ही एकाच स्वनिमाची दोन स्वनांतरे. इंग्रजी भाषकाला यात आपल्याच तोंडातली, कधी न ऐकलेली गोष्ट सापडते. मराठी विद्यार्थ्याला काय सापडते? काल आणि खाल, ताट आणि थाट हे भेद तो जन्मापासून ऐकत आला आहे. शिवाय त्याच्या स्वतःच्या इंग्रजीत ‘पिन’चा प महाप्राण नसतोच. ज्या भेदाकडे लक्ष वेधायचे तो त्याच्या उच्चारात नाही, आणि असता तर तो त्याला आपसूकच ऐकू आला असता. उदाहरण असे दोन्ही बाजूंनी निर्जीव होते. विद्यार्थी ते पाठ करतो आणि परीक्षेत बिनचूक लिहितो.

याउलट फळ्यावर ‘गुरे चार’ एवढेच लिहावे. ही संख्या आहे की आज्ञा? कागदावर संदिग्धता आहे, उच्चारात नाही. कारण संख्यावाचक ‘चार’चा च तालव्य आहे आणि ‘चारणे’ या क्रियापदाचा दंततालव्य. अक्षर एक, स्वनिम दोन. मग ‘दिन’ आणि ‘दीन’ घ्यावेत: अक्षरे दोन, पण बोलताना बहुतेकांच्या तोंडी उच्चार एकच. वर्णमाला म्हणजेच भाषा, ही शुद्धलेखनाच्या तासांनी मुरवलेली समजूत इथे हलते. माझ्या मते भाषाविज्ञानाचा पहिला धडा हाच आहे, आणि तो परक्या भाषेच्या आधाराने देता येत नाही. वाक्यविचारातही तेच. क्रियापद कर्त्याशी जुळते असे सांगणाऱ्या पुस्तकापुढे ‘मुलाने पोळी खाल्ली’ ठेवले की प्रकरण पुन्हा लिहावे लागेल.

तेव्हा मराठी पुस्तक लावावे, हे ओघानेच आले; पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही. ना. गो. कालेलकरांचे ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’, ज्याला १९६७ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, त्याच्या गद्याचा प्रसन्नपणा आजही दुर्मीळ आहे, मात्र चॉम्स्कीनंतरच्या वाक्यविचाराची अपेक्षा त्याच्याकडून करता येणार नाही. अशोक केळकरांची ‘वैखरी’ (१९८३) मला अतिशय प्रिय. ती दुसऱ्या वाचनाची आहे, पहिल्या नव्हे. मिलिंद मालशे यांचे ‘आधुनिक भाषाविज्ञान : सिद्धांत आणि उपयोजन’ (१९९५) साहित्याच्या विद्यार्थ्याला सोयीचे पडते. संरचनावादी समीक्षेतून सोस्यूरचे नाव त्याने आधीच ऐकलेले असते, आणि सोस्यूर हा मुळात भाषेचा अभ्यासक होता हे त्याला कोणीतरी सांगावेच लागते. (१९१६ साली प्रसिद्ध झालेला सोस्यूरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर बाली आणि सेशए या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून सिद्ध केला. पाठ्यपुस्तकांना कमी लेखणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.) परिभाषेचा गोंधळ मला फारसा भेडसावत नाही. ‘मॉर्फीम’ला एकजण रूपिम म्हणतो, दुसरा पदिम, वर्ग आठवड्याभरात सरावतो.

खरी अडचण ‘मराठीत’ या शब्दाची आहे. ‘मराठीत न आणि ण हे भिन्न स्वनिम आहेत : मन, मण.’ हे विधान कोणाच्या मराठीविषयी आहे? ज्याच्या घरच्या बोलीत केवळ न आहे, त्याच्यापुढे हे विधान सिद्धान्त म्हणून येत नाही, ठपका म्हणून येते. तुझ्या व्यवस्थेत इथे एकच स्वनिम आहे आणि ती व्यवस्था तितकीच पूर्ण आहे, असे पुस्तकाने त्याला सांगितले, तर तो विद्यार्थी या शास्त्राचा होतो. ‘अशुद्ध उच्चार’ अशी तळटीप दिली, तर तो कायमचा गप्प बसतो. प्रमाणभाषेचे वर्णन करू नये असे माझे म्हणणे नाही. ते कोणत्या बोलीचे वर्णन आहे, हे पहिल्याच पानावर नोंदवावे. ग्रियर्सनच्या सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली निघाला. बोलींची सामग्री नव्हती, ही सबब तेव्हापासूनच संपलेली आहे.

म्हणून मी मालशे यांचे पुस्तक लावतो आणि स्वनिमाच्या प्रकरणाआधी प्रत्येकाला घरच्या बोलीतले वीस शब्द, ऐकू येतात तसे, लिहून आणायला सांगतो. वऱ्हाडकडच्या याद्यांत ‘डोया’ असतो, ‘काळा’च्या जागी ‘काया’ असतो. मग प्रश्न निघतो : हा य आणि ‘गाय’मधला य एकच का? या बोलीत ळ आहे की नाही, हे कसे ठरवायचे? दोन तास त्यातच जातात आणि पुस्तक बाकावर मिटलेले राहते.