फास्टर फेणेचे काय राखावे?

दीर्घकाळ चाललेल्या साहसमालिकेतील कोणत्या लकबी राखाव्यात आणि कोणत्या काळाच्या हवाली कराव्यात, हा प्रश्न आम्हांला भा. रा. भागवतांच्या (१९१०–२००१) फास्टर फेणेने घातला. फुरसुंगीच्या बनेशचे ‘ट्टॉक्’, त्याची सायकल, चौकड्यांचा शर्ट या साऱ्या ओळखीच्या खुणा. त्यांतले ‘ट्टॉक्’ तर राहावेच. वाचक त्याचीच वाट पाहत असतो. पण मालिकेचे मर्म एवढ्यात संपत नाही. २०१७ च्या चित्रपटाने ‘ट्टॉक्’ जपले, खुद्द भागवतांना एक पात्र केले. बन्याला मात्र वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला आलेला तरुण केले. तिथे आमचे मन अडखळते.

पुण्याची विद्याभवन शाळा वाशीमच्या आम्हां वाचकांना दूरची होती. फुरसुंगी आपली वाटे. गावाकडचा एक काडीपैलवान पोरगा पाय, डोळे आणि कुतूहल यांच्या बळावर मोठ्यांचे कट उधळतो, हा खरा आधार. त्याच्या हाती मोबाइल खुशाल द्यावा, हवी तर सायकल काढून घ्यावी. मूलपण काढून घेऊ नये. रिसोड-मानोऱ्याहून एसटीने येणारे आमचे विद्यार्थी मोठे झाले. त्यांच्या धाकट्या भावंडांना तो त्यांच्याच वयाचा भेटायला हवा.