समेची वाट पाहताना

ऑलिव्हिए मेसियाँ (१९०८–१९९२) या फ्रेंच संगीतकाराला आम्ही वर्गात बरीच वर्षे एकाच वाक्यात उरकत आलो : ‘याच्यावर भारतीय तालांचा प्रभाव होता.’ विसाव्या शतकातील आधुनिकता शिकवताना हे वाक्य सोयीचे पडे. शिवाय थोडा अभिमानही सुखावे. एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, पण त्यानं हे ताल ऐकले कुठे?’ आम्ही निरुत्तर झालो.

उत्तर शोधू लागलो तेव्हा कळले, की मेसियाँला हे ताल मैफलीत नव्हे, छापील तक्त्यात भेटले. लाव्हिन्याक यांच्या फ्रेंच संगीतकोशात शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तील १२० देशी ताल दिलेले होते. हा ग्रंथ तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीत, म्हणजे आजच्या दौलताबादेत, सिद्ध झाला. तिथला किल्ला आम्ही दोनदा चढलो आहोत. ग्रंथ मात्र कधी उघडला नव्हता. त्याच्या थोरवीसाठी आम्हाला पॅरिसची साक्ष लागावी, ही बोच अजून गेलेली नाही.

मेसियाँ १९४० साली जर्मनांच्या कैदेत पडला. ‘काळाच्या अंतासाठी चतुर्वाद्य’ ही त्याची रचना गॉर्लिट्झच्या छावणीत १५ जानेवारी १९४१ रोजी सहकैद्यांसमोर प्रथम वाजली. व्हायोलिन, क्लॅरिनेट, चेलो आणि पियानो ही तिची वाद्ये. पहिल्या भागात पियानो रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे तीन देशी ताल जोडून झालेली १७ कालमानांची साखळी पुन्हापुन्हा फिरवतो. तिच्यावर २९ स्वरसंघातांची दुसरी साखळी फिरते. दोन्ही पुन्हा एकत्र आरंभाला यायच्या, तर ४९३ संघात वाजावे लागतील. तो भाग त्याआधीच थांबतो.

आवर्तन म्हटले की आपला कान समेची वाट पाहतो. मेसियाँने ताल घेतले, समेचे आश्वासन मात्र घेतले नाही. त्या श्रद्धाळू कॅथलिकाला काळाचा अंत म्हणजे शाश्वताचा आरंभ वाटत होता. मोजता न येणारा काळ त्याने मोजमापाच्याच साधनांनी सुचवला.

याला प्रभाव म्हणणे आता आम्हाला जड जाते. हे वाचन होते : परक्या ग्रंथाचे, परंपरेबाहेरून केलेले, म्हणून अपुरे, आणि तरीही सर्जक. आम्ही परंपरेच्या आत होतो, पण वाचलेच नव्हते. यंदा वर्गात मेसियाँपूर्वी शार्ङ्गदेव काढला. पहिल्याच पानावर अडखळलो, तेही विद्यार्थ्यांदेखत.